डाव्या पायावर चार

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. कांजूरमार्गच्या मैदानावर गोलची जाळी वाऱ्याने उडू नये म्हणून मला तिच्या कडेवर टाकून ठेवतात. लोक माझ्यावर चपला काढतात. काढोत बापडे, माझा राग त्याचा नाही.

१९८३ साली सुगंधाबाईंनी मला शिवले. गिरणीतले जाड कापड, दुहेरी शिवण, आत बारा किलो चाळलेली वाळू. त्यांचा मुलगा गुणाजी मुलुंडच्या एका कारखान्याच्या फुटबॉल संघात खेळायचा. मला शिवून घेतले ते त्या संघाच्या मॅथ्यूमास्तरांनी. मास्तर पूर्वी नौदलात व्यायामशिक्षक होते. निवृत्तीनंतर कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले आणि संध्याकाळी खेळाडूंकडून व्यायाम करून घेऊ लागले.

त्यांचा नियम एकच होता. पहिला अर्धा तास चेंडूला पाय लावायचा नाही. मला खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या, मग एका पायावर दहा उड्या, मग दुसऱ्या पायावर दहा. खाली येताना गुडघा आत वळला की ती उडी मोजायची नाही. दोन्ही पाय सारखे झाल्याशिवाय मैदानात उतरायचे नाही. खेळाडू कुरकुर करत. गोलरक्षक धाकू तर रोज विचारायचा, आम्ही खेळायला आलोय की हमाली करायला? मी मात्र त्यांच्या घामाने भिजून खूश असे.

मास्तर यायच्या आधीच्या एकाच वर्षात तीन खेळाडू कायमचे लंगडे झाले होते. मास्तर आल्यावर तीन वर्षांत एकही नाही. आणि इथेच माझे डोके फिरते! संघाचे व्यवस्थापक चंद्रप्रकाश यांनी त्यावरून काय ठरवले? कुणाला दुखापतच होत नाही, तर हा माणूस हवाच कशाला! वा रे शहाणपण. मास्तरांना फक्त स्टोअर सांभाळायला सांगितले आणि मला एका कोपऱ्यात फेकले.

दोन महिन्यांत गुणाजीचा डावा गुडघा सुजला. तो हंगामी कामगार होता. अंतिम सामना जिंकून दे, तुला कायम करतो, असे चंद्रप्रकाश यांनी त्याला सांगितले होते आणि घरात कमावणारा तो एकटाच होता. तेल चोळून सूज उतरली, तेव्हा सगळे म्हणाले, झाला बरा.

सामन्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी मला कोपऱ्यातून ओढून काढले आणि चंद्रप्रकाश यांच्यासमोर गुणाजीच्या खांद्यावर ठेवले. उजव्या पायावर त्याने दहा उड्या मारल्या. डाव्यावर चार झाल्या आणि पाचवीला तो माझ्यासकट कोलमडला.

"चारच," मास्तर चंद्रप्रकाशना म्हणाले. "हा उद्या खेळला ना, तर याचा गुडघा जाणार. मला दीड महिना द्या, मी याला उभा करतो."

"तुम्ही स्टोअर बघा," चंद्रप्रकाश म्हणाले.

गुणाजीने मान वर केली नाही. "मास्तर, एकच मॅच आहे. परमनंट होतोय मी."

दुसऱ्या दिवशी सामन्यासाठी मला या मैदानावर आणून पहिल्यांदा जाळीवर टाकले, म्हणून मी सगळे पाहिले. गुणाजी चेंडू घेऊन वळला. जवळपास कुणीही नव्हते. पाय जागीच राहिला, अंग वळले आणि तो पडला. लोक ओरडत होते की नाटक करतोय. त्याला उचलायला पहिले धावले ते मॅथ्यूमास्तर. सामना संघाने जिंकला, पण गुणाजी काही कायम झाला नाही. चंद्रप्रकाश म्हणाले, नशीब त्याचे. नशीब? आदल्या दिवशी तुमच्या तोंडावर चार उड्या मोजून दाखवल्या होत्या!

मागच्या महिन्यात माझी शिवण उसवली, म्हणून मैदानाच्या माळ्याने मला सुगंधाबाईंकडे नेले. गुणाजी खोलीत बसून विजेच्या प्लगच्या पिना जुळवत होता. आता तेच त्याचे काम. त्याने मला ओळखले, उचलून खांद्यावर घेतले आणि डाव्या पायावर उभे राहून पाहिले. एकही उडी न मारता तो भिंतीवर आदळला.

"ठेव रे ती खाली," सुगंधाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. पण तुमच्या हाती चेंडू देण्याआधी जो माणूस तुमच्याकडून कंटाळवाण्या उड्या मारून घेतो, त्याला जपा. तो नको म्हणाला, तर मुकाट्याने घरी जा. सुगंधाबाईंनी सुईत दोरा ओवला, चार टाके घातले आणि मी पहिल्यासारखी झाले. मुलाकडे मात्र त्यांनी वर मान करून पाहिले नाही.