मिस्त्रींनी काटा फिरवला

पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात मिस्त्रींची हयात गेली होती. म्हणून जिना चढताना धाप लागायला लागली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय रक्त ढकलतंय अगदी व्यवस्थित, तरी हे हार्ट फेल्युअरच आहे," तेव्हा त्यांनी बाईंनाच फैलावर घेतलं.

"पंप चालू आणि मशीन फेल? कुठल्या शाळेत शिकवतात हे?"

बाई हसल्या. "ढकलतंय छान, पण सैल सोडत नाही. ताठ झालंय. नीट भरतच नाही, मग पाणी मागे तुंबतं, छातीत, पायांत."

"माणसावरच गेलंय," बायको पुटपुटली.

लघवी जास्त होण्याची एक गोळी, मधुमेहाच्या औषधांतली पण अशा हृदयालाही उपयोगी पडणारी दुसरी, रक्तदाबाची तिसरी, एवढं मिस्त्रींनी मुकाट्याने गिळलं. चालायचंही कबूल केलं. अडलं ते मिठापाशी. बाईंनी मीठ कमी करायला सांगितलं, तर मिस्त्रींनी अवजारांच्या खणात खारे शेंगदाणे लपवले. आता रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं होतं. एकदम दोन किलो वाढलं, म्हणजे अंगात पाणी साचलं, की दवाखान्यात फोन. आकडा चढू लागल्यावर मिस्त्रींनी काटा उलटा केला, खालची चकती फिरवली आणि सरळ तीन किलो मागे नेला. वही कशी शहाण्या मुलासारखी दिसू लागली.

पण त्याच काट्यावर बायकोही उभी राहिली. तीन किलो कमी! तिने आनंदाने बहिणीला फोन केला. त्या उत्साहात घरात येईल ते ती तोलू लागली, आणि पाच किलो तांदळाची पिशवी भरली दोन किलो. ती तरातरा दुकानात गेली.

दुकानदाराने पिशवी आपल्या काट्यावर ठेवली. पुरे पाच. "वहिनी, माल बरोबर आहे. तुमच्या घरातलंच कोणीतरी चालू आहे."

घरी येऊन तिने आधी काटा उलटा करून चकती बघितली. मिस्त्री सुजलेल्या पायात बूट कोंबत बसले होते. तिने त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

"अहो, याला कुठली चकती आहे?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. दुपारी दवाखान्यात त्यांनी बाईंपुढे शेंगदाण्यांसकट सगळं कबूल केलं. बाईंनी लघवीची गोळी काही दिवस वाढवली आणि त्यांना व्यायामाच्या वर्गात घातलं. तिथे सायकल मारताना ते शेजारच्या पेशंटला ऐकवत, "ढकलणं सोपं असतं हो, सैल सोडणं अवघड."

तीन महिन्यांनी ते दोन मजले चढून गच्चीवर गेले.

"मध्ये थांबलात का?" बायकोने खालून ओरडून विचारलं.

"छे! एकदाच. कठडा पक्का आहे का ते बघत होतो."