माया किती सोडायची

मोतीबिंदू काढल्यावर मास्तरांना लेकीच्या घरातलं नको नको ते दिसायला लागलं. पडद्याची उसवलेली कड दिसली. जावयाच्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब दिसली. आणि एका सकाळी चहा पिताना व्याह्यांचा उजवा हात दिसला.

व्याही कप दोन्ही हातांनी धरत होते, थंडी वाजत असल्यासारखे. बाहेर तर ऊन तापलेलं. कप अर्धाच भरलेला होता आणि तरी त्यातला चहा थरथरत होता. मास्तरांनी नजर वळवली. बघू नये ते बघितल्यासारखं त्यांना वाटलं.

मास्तर म्हणजे शिंपी. जन्मभर कपडे शिवले, शाळेत कधी शिकवलं नाही, तरी मास्तर. व्याही सुतार, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मास्तरांची लेक मिस्त्रींची सून होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दोघांचं नातं अजून कडक इस्त्रीचं होतं. घडी मोडेल म्हणून दोघंही ताठ. "तब्येत काय म्हणते?" "बरी आहे. तुमची?" इथवर आले की बोलण्याचा दोरा संपायचा. दोघांच्याही बायका आधी गेलेल्या. त्या असत्या तर त्यांनीच बोलून घेतलं असतं.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मास्तर लेकीकडे येऊन राहिले आणि दिवसभर दोघं व्याही घरात एकटे पडू लागले. लेक आणि जावई सकाळी कामाला जायचे ते संध्याकाळी यायचे. तोवर घरात घड्याळ बोलायचं, हे दोघं नाही.

बोलायला निमित्त झालं ते जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांचं. दुकानातून आणलेल्या त्या खुर्च्या बसलं की कुरकुरायच्या. मिस्त्रींनी एक खुर्ची उलटी करून मास्तरांना दाखवली.

"हे बघा. गोंद आणि देवावरचा भरवसा, एवढ्यावर उभी आहे ही. प्रत्येक सांध्यात एकेक लाकडी खुंटी ठोकली की पुढची पिढी बसेल हिच्यावर."

"खुंट्या बाजारात आयत्या मिळतात म्हणे," मास्तर म्हणाले. जावयाचंच वाक्य होतं ते.

"मिळतात. पण यंत्रावर कापलेल्या. लाकडाची रेघ कुठे चालली आहे ते यंत्राला कळत नाही, मग खुंटी ऐन वेळी मोडते. रेघेवर फोडलेलं लाकूड असेल तर मोडत नाही."

कापडाचा आडवा-उभा धागा जन्मभर बघितलेल्या मास्तरांना हे लगेच पटलं. तसं ते बोललेही, आणि मिस्त्रींनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

दुकान बंद करून मुलाकडे राहायला येताना मिस्त्रींनी एका पेटीत मावतील तेवढीच हत्यारं बरोबर आणली होती. त्यांत खुंट्या करायची पट्टी होती. जाड पोलादाची, हाताच्या पंजाएवढी, तिला लहानमोठी भोकं. लाकडाची काडी चाकूने ढोबळ तासायची, भोकावर उभी करायची आणि हातोड्याने आरपार ठोकायची. पोलादाची धार कोपरे सोलून टाकते आणि खालून गुळगुळीत गोल खुंटी पडते. दुकानात ही पट्टी मोठ्या कामाच्या टेबलात बसवलेली असायची. ते टेबल दुकानाबरोबर गेलं. आता गॅलरीत दोन विटा, त्यांच्यावर पट्टी आणि मधे खुंटी पडायला जागा, असा संसार मांडला होता. घाव बसला की पट्टी बेडकासारखी उडायची.

"मी धरतो," मास्तर म्हणाले.

"नको. बोट सापडेल."

"सुईखाली बोट घालून पोट भरलं आहे मी. धरतो."

मास्तरांनी पट्टी दोन्ही बाजूंनी दाबून धरली. पहिली खुंटी खाली पडली. दुसरीही पडली. मिस्त्रींच्या तोंडावर रंग आला. तिसऱ्या वेळी हातोडा वर गेला आणि वरच क्षणभर हलला, वाऱ्यावरच्या दोरीवर कपडा हलतो तसा. मास्तरांच्या नव्या डोळ्यांना ते स्पष्ट दिसलं, पण बोटाला कळवायला उशीर झाला.

डाव्या तर्जनीचं नख काळंनिळं झालं. मास्तरांनी दातओठ खाऊन आवाज आत ठेवला. मिस्त्री पांढरेफटक पडले. त्यांनी आतून बर्फ आणला, फडकं आणलं, बोट स्वतः बांधलं; पण गाठ मारताना हात इतका कापायला लागला की शेवटी मास्तरांनीच दाताने गाठ ओढली. मिस्त्रींनी पट्टी, हातोडा, चाकू पेटीत ठेवले, पेटी गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवली आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "अप्पा, बोटाला काय झालं?"

"दारात सापडलं गं. दिसायला लागलं म्हणून फार उड्या मारत होतो."

मिस्त्रींनी ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नाश्त्यानंतर पुन्हा खोलीत गेले. मास्तर दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. दार वाजवून काय म्हणायचं? राग नाही म्हणायचं, तर राग धरण्यासारखं काही घडलं हे कबूल केल्यासारखं. तुमचा हात दिसला म्हणायचं, तर त्यांनी इतके दिवस जे झाकून ठेवलं ते ओढून काढल्यासारखं. शिंप्याला गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं दिसतंच. ते बोलायचं नसतं, त्या जागी कापड सोडायचं असतं. इतकं मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

आणि विचार करता करता त्यांना आपलं मशीन आठवलं. सुईच्या खाली कापडावर दाबून बसणारा तो छोटा लोखंडी पाय. कापड तो धरतो, माणूस नाही. माणसाने धरून बसायचं म्हटलं असतं तर जगातल्या एकाही शिंप्याला दहा बोटं उरली नसती.

त्यांनी पेटी उघडली. तळाशी जुन्या दाराच्या चौकटीचा एक जाडजूड ठोकळा होता. त्यांनी पट्टी त्याच्यावर ठेवली, खिशातल्या खडूने भोवती रेघ मारली आणि पटाशी, म्हणजे लाकूड खणायची छिन्नी, लावून पट्टीला बसायला खळगा, तिचं घर, खणायला सुरुवात केली. पट्टी घरात बसली की उडणार नाही, इतकं साधं गणित. पटाशी घसरत होती, लाकूड ढलप्याढलप्यांनी निघत होतं, आणि दुखऱ्या बोटाला सांभाळून लाकडी हातोडी, म्हणजे मोगरी, मारायची म्हणजे वरातीत नाचताना डोक्यावरचा दिवा सांभाळण्यासारखं.

ठकठक बराच वेळ चालली. मग मागून आवाज आला.

"पटाशी उलटी धरली आहे तुम्ही."

मास्तरांनी वळून बघितलं नाही. "असेल. मला कोण सांगणार?"

मिस्त्री थोडा वेळ उभे राहिले. मग खाली बसले. मास्तरांनी खणलेल्या घरात त्यांनी पट्टी ठेवून हलवली. ती डब्यातल्या खड्यासारखी खडखडली.

"हे काय? चारी बाजूंनी एवढी जागा?"

"माया सोडली. आमच्यात शिवणीला सोडतात. उद्या माणूस जाड झाला तर उसवून वाढवता येतं."

"पट्टी जाड होणार आहे का?" मिस्त्री म्हणाले आणि त्यांच्या मिशा हलल्या. "लाकडात माया सोडायची नसते, व्याही. घर तंग पाहिजे. नुसतं दाबलं तर बसू नये, मोगरीने हलकेच ठोकलं तर बसावं."

"मग तुम्ही खणा."

मिस्त्रींची मान खाली गेली. उजवा हात आपसूक खिशाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला.

"तुम्ही बघितलंत," ते म्हणाले.

"बघितलं."

"काल नाही. त्याच्या आधी."

"चहाच्या वेळी."

"आणि बोलला नाहीत."

"तुम्ही बोलेपर्यंत मी कोण बोलणारा?"

गॅलरीखालून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मिस्त्रींनी ठोकळा उचलला, पालथा केला आणि दुसरी, कोरी बाजू वर आणली.

"खडू नको. खडूची रेघच भाकरीएवढी जाड. चाकूने रेघ मारा," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही खणा."

मग मिस्त्री सांगत गेले आणि मास्तर खणत गेले. पटाशीचा सपाट भाग कुठल्या बाजूला ठेवायचा, रेघेच्या आत थोडं सोडून आधी पोट कसं काढायचं, कडा शेवटी कशा सोलायच्या. कड सोलायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी पटाशी स्वतः घेतली. त्यांनी कोपर ठोकळ्यावर टेकवलं, छातीचा भार दिला, आणि मास्तरांनी बघितलं की तसं टेकवलं की हात पुष्कळसा शांत होतो. कागदासारखी पातळ साल वळून खाली पडली.

पट्टी मोगरीच्या हलक्या ठोक्याने आत बसली. मास्तरांनी बोटाने हलवून बघितली. ती हलली नाही.

"आता खाली भोकं," मिस्त्री म्हणाले. "पट्टीच्या प्रत्येक भोकाखाली ठोकळ्यात आरपार भोक हवं, नाहीतर खुंटी आतच अडकून बसेल. ही भोकं मात्र मोठी. इथे सोडा तुमची माया."

"म्हणजे पट्टीला नको आणि खुंटीला हवी."

"जो बसणार त्याला तंग, जो जाणार त्याला मोकळं."

मास्तरांनी भोकं पाडायचं गिरमिट फिरवलं. मग त्यांनी मशीनच्या पायाची गोष्ट काढली, आणि मिस्त्रींनी ती पुरी ऐकून घेतली. ठोकळ्याखाली लाकडाच्या दोन पट्ट्या लावून तो जमिनीपासून उंच केला आणि एका बाजूला लांब फळी स्क्रूने जोडली. बसणाऱ्याने फळीवर पाय ठेवायचा. पायाने ठोकळा दाबून धरला की दोन्ही हात मोकळे.

मिस्त्रींनी फळीवर पाय ठेवला. काडीचं टोक तासून भोकात पिळून बसवलं, ती आपली आपण उभी राहिली. हातोडा उचलून ते थांबले.

"मागे व्हा," ते म्हणाले.

"मी कुठे जवळ आहे?"

खरंच, तिथे आता कुणाचंच बोट नव्हतं. पहिला घाव तिरका बसला आणि पोलादावर वाजला. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. दुसरा नीट बसला. पुढचे काही तिरके, काही नीट, आणि खालून खुंटी टपकन पडली. मिस्त्रींनी ती उचलली, फुंकर मारली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली. ती अजून गरम होती.

रात्रीच्या जेवणाला जावई खुंट्या ठोकलेल्या खुर्चीवर बसला, हलून बघितलं आणि म्हणाला, "अरे, ही कुरकुरत नाही."

"बाबा, तुम्ही केलंत?" लेकीने विचारलं.

"आम्ही दोघांनी," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी घास खाली ठेवला. "यांचं बोट दारात सापडलं नव्हतं. माझ्या हातोड्याखाली सापडलं. माझा हात कापतो."

जावई बापाच्या हाताकडे बघत राहिला. मिस्त्रींनी तो टेबलावर उघडा ठेवला होता.

"कधीपासून?"

"दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून. गिऱ्हाइकाच्या कपाटावर ओरखडा पडला, तेव्हा ठरवलं."

"मला वाटलं, मी बोलावलं म्हणून तुम्ही दुकान बंद केलंत," मुलगा हळूच म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटतं आहे, मीच बंद करायला लावलं."

मिस्त्रींना हे नवीन होतं. आपण एक गोष्ट झाकली तर तिच्याखाली मुलगाही झाकला गेला, हे त्यांच्या ध्यानात आलेलं मास्तरांना दिसलं.

"नाही रे," ते म्हणाले. "तू बोलावलंस म्हणून ते बरं दिसलं, एवढंच."

मुलाने हात पुढे करून बापाच्या हातावर ठेवला. थोडा वेळ दोन्ही हात कापत होते. मग लेकीने आमटी वाढली, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी मुलाला रजा मिळाली नाही. मास्तर गेले. डॉक्टरने मिस्त्रींना कागदावर गोल काढायला लावलं, पेला धरायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं. मग विचारलं, "आणि हे कोण?"

"व्याही," मिस्त्री म्हणाले. "शिंपी आहेत. पण सुतारकामही थोडंफार करतात."

गोळ्यांनी थोडा फरक पडेल, पूर्वीसारखा हात होणार नाही, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. बाहेर येऊन दोघं बाकावर बसले. मास्तरांनी धीराचे शब्द शोधून बघितले. एकही अंगाला बरोबर बसेना.

"तुमचं कापायचं टेबल कसं आहे?" मिस्त्रींनी अचानक विचारलं.

"जुनं आहे. एक पाय हलतो. खाली पुठ्ठा घातला आहे."

"पुठ्ठा," मिस्त्री म्हणाले, जणू कुणी त्यांच्यासमोर शिवी दिली. "पुढच्या महिन्यात तुम्ही घरी गेलात की मी येतो तुमच्याकडे. राहायला. चालेल?"

"चालेल म्हणजे? या की."

परतीच्या वाटेवर लाकडाची वखार लागली. मिस्त्री आत शिरले, फळ्यांच्या रांगेतून फिरले, एक ओढून काढली, तिच्या टोकाला नाक लावून वास घेतला आणि रेघ सरळ आहे का ते डोळ्यासमोर धरून बघितलं. मग फळी मास्तरांपुढे केली.

"तुमचे डोळे नवे आहेत. बघा."

मास्तरांनी एक डोळा मिटून रेघ बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सरळ गेली होती. त्यांनी मान हलवली. फळी लांब होती. पुढचं टोक मिस्त्रींनी खांद्यावर घेतलं, मागचं मास्तरांनी, आणि दोघं भर बाजारातून घराकडे निघाले. मिस्त्री दोन पावलं गेले की मागे न बघताच विचारत, "येताय ना?" आणि मास्तर दर वेळी सांगत, "आलो."