अंगठा वर आला

माझे बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाप्तिस्म्याला तयार झाले, तेव्हा आमच्या खोऱ्यातल्या चर्चमध्ये सगळ्यांना हर्ष झाला. आई जन्मभर प्रार्थना करून थकली, गेली. आमच्या पंथात कॉफी वर्ज्य, आणि बाबांची कॉफी काही सुटली नव्हती. आता सोडली, पण एका अटीवर; आमच्यात बाप्तिस्मा घरचा पुरुषही देऊ शकतो. "बुडवायचं तर माझ्या ऑरिननं. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी घरी जाऊन कॉफी ठेवीन."

आणि नेमकी ऑरिनलाच बंदी होती. माझा हा धाकटा भाऊ बायको गेल्यापासून एकटा राहतो. एकांतातली जी सवय आमच्यात पाप मानतात, ती त्यानं आपण होऊन बिशप हॅचना सांगितली. बिशप म्हणाले, काही दिवस प्रभुभोजनाची भाकर घेऊ नकोस, कुठला विधीही करू नकोस. तेव्हापासून भाकरीचं ताट आलं की तो न घेता माझ्याकडे सरकवायचा, आणि मागच्या बाकावरच्या माना लांब व्हायच्या. त्या मानांचा मला असा संताप यायचा!

बाप्तिस्मा शनिवारी ठरला होता. आधीच्या रविवारी चर्चमधल्या मोठ्यांच्या वर्गात धडा निघाला आत्मसंयमाचा. घोडे पाळणारे ब्रदर थेन खुर्ची सरसावून बसले.

"ज्याला स्वतःचा लगाम धरता येत नाही," ते म्हणाले, "त्यानं दुसऱ्याला घेऊन पाण्यात उतरू नये."

"तुमचा घोडा पहिल्याच दिवशी शिकतो का हो?" मी विचारलं.

"घोड्यानं देवाला शब्द दिलेला नसतो, सिस्टर."

"शब्द दिलाय म्हणून तर जीव जळतो माणसाचा! नाहीतर बिशपच्या दारात जाईल कशाला? भाकर खाईल आणि तुमच्या शेजारी ऐटीत बसेल."

"बंद दाराआडचं ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या ना," कुणीतरी पुटपुटलं.

"देवाला कुठलं दार बंद असतं?" थेन कडाडले.

तेवढ्यात ऑरिन उठला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"माझ्याबद्दल चाललंय, तर माझं नाव घ्या. ब्रदर थेन, नियम मला मान्य आहे. झगडतोय मी. बरेच दिवस जमतं, मग एखाद्या दिवशी हरतो, की परत सुरू करतो. लपवलं असतं तर आज ताठ मानेनं फिरलो असतो. मला नाही तसं फिरायचं."

मग मागून बाबांचा आवाज आला. "मंगळवारी मी अर्धा कप कॉफी प्यायलो. उरलेली मोरीत ओतली आणि बिशपना सांगून टाकलं. मला तर कुणी हाकललं नाही!"

सगळे खो खो हसले. दारात उभे असलेले बिशप हॅचही हसले, आणि वर्ग सुटल्यावर त्यांनी ऑरिनला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा डोळे ओले होते. "ताई, बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करायला सांगितलीय!"

शनिवारी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदाशी दोन साक्षीदार बसले. अंगाचा कणभरही भाग पाण्याबाहेर राहिला तर विधी पुन्हा करायचा, हे पाहणं त्यांचं काम. बिशपनी त्यातला एक कोण निवडावा? ब्रदर थेन!

ऑरिननं उजवा हात उंचावला, शब्द म्हटले, बाबांना बुडवलं. थेन वाकून पाहत होते.

"अंगठा वर आला," ते म्हणाले. "परत."

दुसऱ्यांदा गुडघा वर आला.

"परत."

बाबा फुरफुरत वर आले. "अरे, किती वेळा?"

"पूर्ण होईपर्यंत," थेन म्हणाले. "इथं चुकलं म्हणून कुणाला बाहेर काढत नाहीत."

"हेच तर मी रविवारी सांगत होते!" मी सगळ्यांसमोर ओरडले. चर्चमध्ये असं ओरडत नाहीत. मी ओरडले.

थेननी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्यात उभ्या असलेल्या ऑरिनकडे.

"घे पोरा," ते हळूच म्हणाले, "मी वाट बघतो."

या वेळी बाबा नखशिखांत पाण्याखाली गेले.