बोरखळ फाट्यावरची जीप

मुनाफच्या घरात दोन फोन होते. एक त्याचा आणि दुसरा सहदेवचा. सहदेव नावाचा माणूस मात्र कुठेच नव्हता.

महाड-पोलादपूरच्या फोन नंबरांचं पुस्तक मुनाफ दरवर्षी छापायचा. डॉक्टर, वायरमन, क्रेनवाले, जीपवाले, प्रत्येकाला स्वतः फोन लावून खात्री केलेली. घर त्या पुस्तकावर चालायचं. गेल्या काही वर्षांत एक सिमेंटचा व्यापारी फुकट कॅलेंडर वाटू लागला होता आणि त्याच्या मागच्या पानांवर हेच नंबर, याच क्रमाने छापलेले असत. पुस्तकाचा खप बसला. वकील म्हणाला, "नंबर काय, कुणीही गोळा करील. तुमचेच उचलले कशावरून?"

म्हणून यंदा मुनाफने एक नोंद मनानेच घातली. 'सहदेव कोंडाळकर, जीप, बोरखळ फाटा, केव्हाही बोलवा.' नंबर स्वतःच्या जुन्या सिमचा. फाटा त्याने मुद्दाम निवडला होता. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी तिथे एसटीची पडकी शेड आहे, बाकी घर नाही की टपरी नाही. नुकसान कुणाचंच होणार नव्हतं.

नव्या कॅलेंडरात सहदेव जसाच्या तसा उतरला. वकील खूश झाला. "आता ते कॅलेंडर बघून फोन केलेला एखादा साक्षीदार आणा," तो म्हणाला. "मग सुटत नाही तो."

एप्रिलमधल्या एका दुपारी खतीजाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, तुमचा सहदेव ओरडतोय. बघा, कुणाच्या वऱ्हाडाला गाडी हवीय."

मुनाफने हसतच फोन घेतला.

"सहदेवभाऊ का? केळदवाडीवरनं बोलते. सासूला घोणस चावली, गोठ्यात."

गेले कित्येक दिवस तोंडात घोळवलेला प्रश्नच बाहेर पडला. "नंबर कुठून मिळाला?"

"क्यालेंडरवर हाय ना."

"कुठल्या?"

"शिमिटवाल्याच्या. भाऊ, डोली उचलली आमी."

"नाव काय तुमचं?"

"सुरेखा. पोलादपूरच्या अंगानं उतरणार व्हतो, पण तुमची जीप फाट्यावर हाय म्हणून इकडनंच येतो. उभे ऱ्हावा."

तो नाव लिहून घेत होता. तिचं शेवटचं वाक्य डोक्यात शिरायला तेवढाच उशीर झाला. "अहो, फाट्याला येऊ नका," तो म्हणाला, तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, पुन्हा लावला. वाडीवर रेंज फक्त टेपाडावर असते. उतरणीला लागलं की थेट फाट्यापर्यंत फोन मुका होतो.

केळदवाडीला वाटा दोन. पोलादपूरच्या अंगाची जरा लांबची, पण ती शाळेपाशी उतरते आणि तिथे चांगूची जीप उभी असते. फाट्याची वाट जवळची, पण आजाऱ्याला घेऊन तिकडून कुणी उतरत नसे, कारण खाली गाडी नसते. डोलीवाले वाट बघून उतरत नाहीत, गाडी बघून उतरतात. पुस्तकासाठी वाड्या हिंडलेल्या मुनाफला हे माहीत होतं. फाटा निवडताना ते त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्याने चांगूला फोन केला.

"मी हितंच हाय की शाळेपाशी," चांगू म्हणाला. "तिकडं कशाला मरायला उतरले? वळसा घालून जायचं म्हंजे मधी मोरीचं काम काढलंय रस्त्यावर."

"जा तू. आत्ता निघ."

मुनाफने मोटारसायकल काढली आणि पोलादपूरचा दवाखाना गाठला. तिथे लस तयार ठेवायला सांगितली. मग दारात उभा राहिला.

जीप आली तेव्हा चांगूने हॉर्न वाजवला नाही. मागच्या सीटवर सासूचं, विठाबाईचं, डोकं सुरेखाच्या मांडीवर होतं आणि पदर तोंडावर ओढलेला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि स्ट्रेचर सावकाश न्यायला सांगितलं.

विठाबाईचा मुलगा राजू भिंतीला टेकून उभा राहिला. "शेडीत बसून व्हतो," तो म्हणाला. "आई इचारत व्हती, गाडी आली का. मी म्हनलं, येतेय. तो सहदेव एकदा घावू दे मला."

"फाट्यावर सहदेव कोण रे?" चांगू म्हणाला. "इतकी वर्षं गाडी मारतोय, नाव नाय ऐकलं."

"क्यालेंडरवर हाय. फोनवर बोलला बी. नंबर कुठनं मिळाला म्हणून इचारत बसला."

खिशातला दुसरा फोन मुनाफला मांडीशी टोचत होता. इथून निघून गेलं तर कुणी अडवणार नव्हतं. पण फाट्यावर जीप आहे, हे कॅलेंडर सांगतच राहणार होतं.

"मी बोललो," तो म्हणाला. "सहदेव कुणी नाही. ते नाव मीच घातलं. चोरी पकडायला."

"कसली चोरी?" राजूने विचारलं.

मुनाफने सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते फार लहान वाटलं. राजूने हात उगारला. चांगूने तो धरला नाही, पण राजूने आपणच खाली घेतला.

"वाडीत घरटी एक क्यालेंडर हाय," सुरेखा म्हणाली. "पलीकडच्या वाड्यांवर बी. फुकट मिळतं म्हणून."

शवविच्छेदन, पंचनामा उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी मयत ताब्यात मिळालं. चांगूने ते शाळेपाशी आणलं. तिथून वर डोलीनेच न्यायचं होतं. मुनाफ खांदा द्यायला पुढे झाला.

"तुमी नको," राजू म्हणाला. "तुमी फुडं चला. दर घरात जायचं आणि सांगायचं. माज्यासमोर."

मुनाफ पुढे झाला आणि चढू लागला. मागून डोलीवाल्यांचा दम ऐकू येत होता. पहिल्या घराच्या अंगणात एक म्हातारी मयत बघून उठून उभी राहिली. तिच्या मागे ओटीच्या भिंतीवर कॅलेंडर होतं.