जीवरामनानांचा गुणगुणता डबा

मित्रांनो, जरा दम धरा. मला आधी तापू द्या. माझं बटण दाबलं की लगेच आवाज येत नाही. पोटातले काचेचे व्हॉल्व्ह आधी लालसर होतात, मग नारिंगी, मग कुठून तरी आतून एक बारीक 'हूंऽऽ' उमटतो, आणि तेव्हा कुठे मला माझं सगळं आठवायला लागतं. हल्लीच्या ट्रान्झिस्टरवाल्यांचं बरं आहे, बटण दाबलं की बोलायला तयार. मी त्यातला नाही. मी पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, दोन माणसांनी उचलावा असा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे.

माझा जन्म धुळ्याचा. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत जीवरामनानांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. तिथे नानांनी मला स्वतःच्या हातांनी जोडलं. ट्रान्सफॉर्मर एकाचा, व्हॉल्व्ह दुसऱ्याचे, पत्रा तर तेलाच्या पिंपाचा, पण रंग मात्र नवाकोरा. कर्णा न जोडताही तपासता यावं म्हणून त्यांनी माझ्या पोटातच एक लहान स्पीकर बसवला. समोर शून्यापासून दहापर्यंत आकडे असलेलं आवाजाचं बटण. सगळं झालं, वीज आली, मी तापलो आणि पहिला शब्द काय बोललो? 'हूंऽऽ'. काही वाजत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, तरी माझं आपलं चालूच. नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "एक कंडेन्सर बदलावा लागेल. करू सावकाश." पण लग्नसराई तोंडावर आली होती. ते सावकाश काही उगवलं नाही, आणि ती गुणगुण माझ्या पोटात राहून गेली.

तिची मला फार लाज वाटे. पण एकदा बटण पुढे सरकलं की ती कुणाला ऐकूच येत नसे. आणि माझं बटण नेहमी पुढेच असे. लग्नं, निवडणुकीच्या सभा, एकवीरादेवीची यात्रा, हरवलेल्या पोरांची नावं, सगळं मीच ओरडून सांगितलं आहे. नानांच्या दुकानात आवाज सायकलीने मोजत. मला चालू करायचं आणि एका माणसाने सायकल हाणत सुटायचं. ऐकू येईनासं झालं की तिथे उतरायचं. माझ्या आवाजात सायकल पांझरा नदीच्या पलीकडे जायची. पंचक्रोशीत माझ्या तोडीचा कुणी नव्हता, हे मी फुशारकी म्हणून नाही, मोजमाप म्हणून सांगतो. बरं, थोडी फुशारकीही आहे.

एकोणसत्तर सालच्या थंडीत, एका सकाळी जळगावच्या एसटीने तीन माणसं दुकानात आली. पुढे झुलाल. तो जळगावच्या एका जिनिंग मिलमध्ये वायरमन होता, उंच, अबोल, खिशात टेस्टर. त्याच्यामागे त्याचा मित्र कौतिक, धुळ्याकडच्या खेड्यातला, ढोलकी वाजवणारा आणि तोंडाचा पट्टा कधी बंद न ठेवणारा. आणि दोघांच्या मागे, पदर सावरत, झुलालची बायको इंदिराबाई. ती येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि तिने कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाना, ऑर्केस्ट्रा काढतोय," झुलाल म्हणाला. "गिटार पाहिजे, विजेवरची. आणि तिचा आवाज मोठा करणारं यंत्र. पैसे मात्र बेताचे आहेत."

नानांकडे तेव्हा दोन गिटारी होत्या. एक लालभडक, आरशासारखी चकचकीत. दुसरी भुसावळच्या एका रेल्वे ड्रायव्हरने परदेशी जाताना विकायला ठेवलेली, मधाच्या रंगाची, डोक्याशी विडीने जळल्याचा डाग.

"भाऊ, हाई लाल बेस शे," कौतिक म्हणाला. "लांबतून दिसी."

झुलालने लाल गिटार डोळ्यापाशी धरली आणि सुतार फळीचा बाक बघतो तसा तिचा दांडा बघितला. मग दांड्यावरच्या वरच्या घरात तार दाबली, दुखलेलं बोट चोळलं आणि गिटार खाली ठेवली. भुसावळची उचलली, तिचाही दांडा बघितला, बटणं फिरवली. बटणं खरखर करत होती.

"ही खरखरते," कौतिकने लगेच दाखवून दिलं.

"बटण मी घरी साफ करीन," झुलाल म्हणाला. "वाकलेला दांडा घरी सरळ होत नाही."

नाना हसले. पोरगं बावळट नाही हे त्यांना कळलं, मलाही कळलं.

मग आली आमची पाळी. माझ्या शेजारी मुंबईहून आलेला एक नवा बॉक्स होता, समोर जाळीदार कापड, कोपऱ्यांना चकाकत्या पट्ट्या. खास गिटारसाठीच बनवलेला. कौतिकचा जीव त्याच्यावर जडला.

"यात माइक लागतो का?" झुलालने विचारलं.

"नाही. हा फक्त गिटारचा," नाना म्हणाले. "याला बघ, या हिरव्याला. याला दोन भोकं आहेत. एक माइकचं, एक ग्रामोफोनचं. ग्रामोफोनच्या भोकात तुझी गिटार चालेल, पिन मी बदलून देतो. किंमतही निम्मी."

"पण माइक कोणाले?" कौतिक बोलून गेला. "आपलामा गास कोण?"

बोलला आणि त्याने जीभ चावली. झुलाल भुसावळच्या गिटारची तार पिळत राहिला. "असू दे. लागतो," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, ती गोष्ट मला नंतर समजली, पण तुम्हाला आताच सांगतो. इंदिराबाईचं माहेर असोदा, जळगावच्या शेजारचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. असोद्यात ती गाणी उचलायचा मान इंदिराबाईचा. तिने पहिली ओळ घ्यायची, मग बाकीच्यांनी. पण दोन वर्षांपूर्वी तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, तिचा आवाज मात्र बारीक होऊन परत आला, वर चढला की तुटायचा. तेव्हापासून तिने गाणं सोडलं, आखाजीला माहेरी जाणंही सोडलं. झुलालने ऑर्केस्ट्राचं नाव काढलं ते तिला पुन्हा गाताना ऐकायचं म्हणून. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

नानांनी रिवाजाप्रमाणे कौतिकला सायकल दिली. झुलालने माझ्यात गिटार जोडली, बटण दहावर नेलं, आणि मी जो काही सुटलो! दुकानाची पत्र्याची पाटी थरथरली. अर्ध्या तासाने कौतिक घामाघूम होऊन परतला. "नदीना पलीकडे लगून आयकू येस," तो म्हणाला. जाळीदार बॉक्सच्या वेळी तो चहा थंड व्हायच्या आत परतला. मी मनात म्हटलं, झालं काम.

आणि काम झालंच, पण वेगळ्याच कारणाने. नाना आणि कौतिक बाहेर कर्णा उतरवत होते. माझं बटण कुणीतरी एकवर आणून ठेवलं होतं, माइक टेबलावर तसाच पडला होता. मी माझ्या सवयीने गुणगुणत होतो. स्टुलावरच्या इंदिराबाईने मान तिरकी केली. आधी ती नुसती ऐकत राहिली. मग ओठ मिटलेलेच ठेवून तिने माझ्या सुरात सूर धरला, इतका हळू की तिला स्वतःलाही कळलं नसावं. पण तो माइकमध्ये शिरला, तिथून माझ्या पोटात आला, आणि मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. नदीपलीकडे ओरडताना मला तसं कधी झालं नव्हतं.

झुलाल गिटारवर वाकलेला होता. तो वाकलेलाच राहिला. त्याने तार सोडली नाही, मान वर केली नाही.

नाना आत आले. "ती गुणगुण म्हणजे खोट आहे बरं का," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "थांबलात तर आत्ताच कंडेन्सर बदलून देतो."

"नको नाना," झुलाल म्हणाला. "आहे तसाच द्या."

मी एसटीच्या टपावर बसून जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल, दोन्हीकडे कपाशीची शेतं, आणि ऊन असं मऊ की वाटे, आपण बसच्या टपावर नाही, कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत.

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मला कोनाड्याखाली जागा मिळाली. झुलाल आणि कौतिक संध्याकाळी सराव करत. इंदिराबाई गात नसे. पण दुपारी घरात कुणी नसलं की ती मला चालू करी, तापायला वेळ देई, आणि तांदूळ निवडत माझ्यासोबत गुणगुणे. माइक नाही, गिटार नाही, बटण शून्यावर. झुलालला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. फक्त त्याने माझी वायर कधी काढून ठेवली नाही.

आखाजी आली. ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम असोद्यालाच ठरला. "मी येते, पण बसायला," इंदिराबाई म्हणाली. "मले गायला सांगू नका." झुलाल बरं म्हणाला.

मोठ्या निंबाला झोके बांधले होते. पिठाच्या गिरणीतून वायर ओढली, मला झाडाखाली उभ्या बैलगाडीवर ठेवलं, कर्णा फांदीला बांधला, माइक झोक्याच्या पुढ्यात उभा केला. गावातले एक आबा येऊन म्हणाले, "पोरा, शिवेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे." कौतिकला तेवढंच हवं होतं. त्याने बटण दहावर नेलं.

मी गरजलो. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. गिटार, ढोलकी, सगळं एकदम, आणि मग माइकने कर्कश शिट्टी घातली. झोक्यावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. त्यांचं गाणं माझ्याखाली कधी बुडालं ते मला कळलंच नाही. एकेक झोका थांबला. झुलालचे हात तारांवरच थिजले. सासरहून दोन दिवसांसाठी आलेल्या त्या पोरी, त्यांची गाणी मी तोडली होती. एवढा मोठा आवाज असून मला तेव्हा 'चुकलं' म्हणता आलं नाही.

मग इंदिराबाई उठली. गर्दीतून गाडीपाशी आली, कौतिकचा हात बाजूला केला आणि बटण एकवर आणलं. एकदम शांत झालं. एवढं शांत की माझ्या पोटातली ती गुणगुण, आयुष्यभर लपवलेली, सगळ्यांना ऐकू जाऊ लागली. मला गाडीतून खाली पडावंसं वाटलं.

ती म्हणाली, "आता बरं आहे."

आणि ती झोक्यावर जाऊन बसली. डोळे मिटले, माझा सूर धरला, आणि तिने पहिली ओळ घेतली. आवाज बारीकच होता. वर चढताना एकदा तुटला. ती थांबली, पुन्हा माझ्याकडे आली, म्हणजे सुराने आली, पाय टेकवला, आणि पुन्हा वर गेली. या वेळी पोचली. झुलालने हळूच एकच तार तिच्यामागे धरली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, त्या दुपारी मी एक गोष्ट पाहिली. मी ओरडलो की माणसं सायकलीने लांब जात. त्या दिवशी मी हळू होतो तर माणसं जवळ आली. आधी झोक्यावरच्या पोरी, मग ओट्यावरच्या म्हाताऱ्या, मग शिवेपर्यंत ऐकू येतं का ते बघायला निघालेले आबाही परत फिरून गाडीच्या चाकाला टेकून बसले.

पुढे त्यांच्या 'तापी ऑर्केस्ट्रा'ला चांगले दिवस आले. चोपडा, अमळनेर, एदलाबाद, सगळीकडे बोलावणी. शहात्तर साली नवा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर आला, हलका, देखणा. मला माळ्यावर टाकलं. माझ्यावर कांदे वाळत घातले, एका कोपऱ्यात उंदराने वायर कुरतडली. मी रागावलो नाही असं म्हणणार नाही. चांगला रागावलो होतो. पण माळ्यावरच्या अंधारात रागही हळूहळू निवतो, आणि मग नुसतं निंबाचं झाड दिसत राहतं.

एके दिवशी एरंडोलहून कार्यक्रम करून ती मंडळी परतली, आणि खालून इंदिराबाईचा आवाज आला. "नवा चांगला आहे, पण मुका आहे. आज मला सूरच सापडला नाही." थोड्या वेळाने माळ्याला शिडी लागली. झुलालने कांदे बाजूला केले, उंदराने खाल्लेली वायर बदलली, मला फडक्याने पुसलं. हातात डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी होतीच. माझा कंडेन्सर मात्र त्याने या वेळीही बदलला नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात असा कुणी जुना असेल, तर त्याच्यावर कांदे घालण्याआधी एकदा त्याला तापायला वेळ द्या. आणि कुणाची खोट काढायला हत्यार उचललंत, तर आधी क्षणभर कान लावा. ती कुणाच्या तरी उपयोगाची असेल.

हल्ली मी प्रत्येक कार्यक्रमाला जातो. गिटार नव्यात, माइक नव्यात, कर्णे नव्याला. मला काहीच जोडलेलं नसतं, फक्त विजेची वायर. इंदिराबाईच्या पायाशी मी आपला बसलेला असतो, बटण शून्यावर. परवा एका पोराने कौतिकला विचारलं, "काका, हा डबा कशाचा?"

"अ‍ॅम्प्लिफायर शे," कौतिक म्हणाला.

"याचा आवाज किती लांब जातो?"

माझ्यासाठी नदीपलीकडे सायकल हाणलेला तो माणूस इंदिराबाईकडे बघून जरा हसला आणि म्हणाला, "वहिनीलगून."