उड्या मारणारा सिग्नल

निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाला आडगावी पाठवू नये. पण ड्रोन शोधायचा म्हटल्यावर वायरलेस खात्याला शालिग्रामचीच दुखरी कंबर आठवली, आणि तो रिसीव्हर घेऊन आसेगावपलीकडच्या एका खेड्यात येऊन पडला.

सांज झाली की गावावर ड्रोन घरघरायचा. चोर घरं हेरतात, असा बोभाटा झाला. लोकांना माहीत असलेला ड्रोन एकच, तुरीवर फवारणी करणाऱ्या योगिनीचा. मग काय, चोर सापडलाच! सरपंच नानाजींनी ऐन शेंगा भरताना तो ग्रामपंचायतीत कुलूपबंद केला. तरी घरघर थांबेना, तर लोक म्हणाले, दुसरा लपवला असंल तिनं. बिचारीचा धंदाच बसला.

शालिग्रामनं पंचायतीच्या ओट्यावर यंत्र मांडलं आणि योगिनीला सगळ्यांदेखत शेजारी बसवलं. यंत्र एकेक फ्रिक्वेन्सी चाचपत जायचं. ड्रोनच्या रिमोटचा सिग्नल मात्र सारखा उड्या मारणारा. हे तिथं पोचेपर्यंत तो दुसरीकडे पसार. शालिग्राम यंत्राचा वेग वाढवत राहिला आणि दोन सांजा वाया गेल्या. दमलेल्या माणसाला आणखी धावणंच सुचतं. तिसऱ्या सांजेला त्यानं वैतागून यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर रोखलं.

"काहून थांबवलं?" योगिनीनं विचारलं.

"आता आपण नाई पळाचं. उड्या मारता मारता तोच येते इथं."

घरघर आली. पडद्यावर ठिपका उमटला, मिटला, पुन्हा उमटला. शालिग्राम अँटेना हळूहळू फिरवत गेला आणि ठिपके सगळ्यांत ठळक झाले तिथं थांबला. कुणीतरी त्या दिशेला बॅटरी मारली. नानाजींच्याच गच्चीवर त्यांचा पुतण्या गोलू, लग्नाच्या शूटिंगा करणारा, रिमोट घेऊन उभा होता.

"हा तं आपला गोलू," नानाजी हसले. "नवा घेतला असंल, हात बसवून राह्यला." लोकही हसले आणि पांगू लागले.

"आन् माह्या ड्रोनचं?" योगिनी म्हणाली.

"तुह्यं काय? घेऊन जाय ना," नानाजींनी चावी पुढे केली. "कोनं अडवलं तुले?"

याच्या थोबाडीत ठेवून द्यावी, असं शालिग्रामला वाटलं. पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं. योगिनीनं चावी घेतली. गावानं एव्हाना पाठीवरचे पंप लावून साऱ्या तुरी फवारून घेतल्या होत्या.