सहा घरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी शेवयांची मशीन आहे. माझ्या कपाळावर कुंकवाची सहा बोटं दिसतात ना, ती सहा घरची आहेत. मला स्वतःचं घर मात्र एकही नाही.

माझा जन्म परदेशात, समुद्रकाठच्या एका गावी झाला. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी वीस वर्षं मुलांसाठी पिठाच्या दोऱ्या काढल्या. मग गावकऱ्यांनी ठरवलं, दूर देशात घरून धंदा करणाऱ्या सहा बायकांना मदत करायची. नमुन्यादाखल मला पाठवलं, आणि बाकीच्या पाच मशिनी घ्यायला उज्जैनच्या एका संस्थेला पैसे दिले. माझं खोकं बंद करणाऱ्या बाईंनी मला थोपटलं. त्यांचे डोळे ओले होते. मला तो स्पर्श फार दिवस पुरला.

उज्जैनला मी प्रथम गेले माधव नगरात, अलकाताईंकडे. त्या हातानं सोऱ्या फिरवून शेवया करत, त्यामुळे मनगट कायम सुजलेलं. टावर चौकातला एक दुकानदार दर आठवड्याला शेवया घ्यायला तयार होता. पण हातानं तेवढ्या व्हायच्या कशा? मी येणार म्हटल्यावर ताईंनी त्याला हो सांगून टाकलं होतं.

मी आले आणि ताई हळदकुंकू घेऊन धावल्या. हात ओला होता, कुंकू नाकापर्यंत ओघळलं.

"अगं, मशीन आहे का सून?" त्यांचे यजमान दत्तात्रयकाका म्हणाले. "आधी प्लग तरी लाव!"

"सुनेला तुम्ही आल्या आल्या कामाला लावाल. मी नाही लावत. नारळ आणा जाऊन."

संस्थेच्या सुमीतनं फोटो काढला. चार दिवस आम्ही दोघींनी मजेत काम केलं. गच्चीतल्या दोऱ्या शेवयांनी भरून गेल्या. पाचव्या दिवशी सुमीत टेम्पो घेऊन दारात.

"काकू, सर्विसिंगला नेतो. बस, दोन दिवस की बात आहे."

"आत्ताच तर आली रे! दुकानदाराला जबान दिलीय मी."

"माझ्यावर भरोसा नाही का, काकू?"

भरोसा होता. म्हणून तर ताईंनी त्याला खिरीचा डबाही बांधून दिला.

सर्विसिंग कसलं! टेम्पो गेला दुसऱ्या घरी. तिथेही कुंकू, तिथेही फोटो, चार दिवसांनी तिथेही टेम्पो. मग तिसरं घर, चौथं, पाचवं. दर वेळी सुमीत माझ्यावरची नंबराची चिठ्ठी बदलायचा. कुंकू मात्र त्यानं कधी पुसलं नाही. एकदा फडकं घेऊन आला होता, पण हात मागे घेतला. कुंकू पुसायचं नसतं, हे त्याच्या आईनं त्याला लहानपणी शिकवलेलं. खोटं बोलायचं नसतं, हेही शिकवलं असेलच.

सहावं घर विनोदिनीचं. तिनं ठसठशीत बोट लावलं. तोवर तिकडे दुकानदारानं दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती, आणि अलकाताईंचे फोन सुमीत उचलत नव्हता.

मग परदेशातून पाहुण्या आल्या. माझं खोकं बंद करणाऱ्या त्याच बाई! संस्थेच्या हॉलमध्ये सहाही बायकांना बोलावलं होतं, मला हार घालून ठेवलं होतं, भिंतीवर सहा मोठे फोटो. माझं काळीज धडधडलं. माझं माणूस आलं होतं.

अलकाताई विनोदिनीच्या घरच्या, सहाव्या फोटोपुढे थबकल्या. "विनोदिनी, इकडे ये गं. हे ओघळलेलं कुंकू माझं."

"आणि हे खालचं माझं. म्हणजे काकू, आपल्या दोघींना मिळून एकच मशीन?"

"दोघींना कुठली? मोज ना! पहिल्या फोटोत एक बोट, दुसऱ्यात दोन... इथे सहा."

ताई सरळ पाहुण्यांकडे गेल्या. "बाई, मशीन एकच आहे हो. आमच्याकडे कुणाकडेच नाही."

पाहुण्यांनी सुमीतला त्यांच्या भाषेत विचारलं, या काय म्हणताहेत?

"तुमच्यामुळे आयुष्य उजळलं म्हणताहेत," सुमीत म्हणाला.

मित्रांनो, दोन्ही भाषा कळणारं त्या हॉलमध्ये सुमीतखेरीज फक्त मीच होते. मला तोंड आहे, पण त्यातून शेवयाच निघतात.

ताईंनी हार मानली नाही. एकेका फोटोवर बोट ठेवून त्यांनी पाहुण्यांना कुंकू मोजून दाखवलं. सहाव्या फोटोपाशी बाईंचा चेहरा उतरला. त्यांना कळलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी हातातल्या, सहा मशिनी पोचल्याचं छापलेल्या अहवालाकडे पाहिलं, तो बॅगेत सरकवला आणि हसून "नमस्ते" म्हणाल्या. सुमीतचा मला राग आला होता. पण त्या दिवशी तुटले ती त्या नमस्तेनं.

सगळे चहाला गेले. ताई विनोदिनीला घेऊन माझ्याजवळ आल्या. माझ्या तोंडाची पितळी जाळी काढून त्यांनी नळाखाली नेली, वाळलेलं पीठ काडीनं काढलं, तेलाचं बोट फिरवून जाळी परत बसवली.

"हिला कुणी धुतलंसुद्धा नाही गं," त्या विनोदिनीला म्हणाल्या आणि सुजलेलं मनगट चोळत घरी गेल्या.

तेव्हापासून मी संस्थेच्या कोठीत आहे. मित्रांनो, कुणाला काही दिलंत, तर एकदा परत जाऊन बघा. हारतुऱ्यांविना, फोटोविना जा. आणि जे दिसेल ते बघून हसू नका.

माझी जाळी अजून स्वच्छ आहे. माधव नगर काही लांब नाही. कुणी मला तेवढं नेऊन पोचवाल का?